दहावीच्या स्लॅमबुकात काय लिहिलं होतं आणि आता काय काम करता?

माणदेशी_पोर

गेल्या महिन्यात आईकडे सांगोल्याला गेले होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली तर जुन्या स्वेटरांच्या खाली माझी दहावीची स्लॅमबुक सापडली. मार्च १९९७. निरोप समारंभाच्या आधी आठवडाभर वर्गात फिरत होती, मुलांच्या बाकांवर गेली की दोन दोन दिवस परत यायची नाही. आवडता रंग, आवडता खेळाडू, माझ्याबद्दल दोन शब्द, आणि सगळ्यात खाली एक ओळ, "मोठेपणी कोण होणार?"

जेवायचं सोडून तिथेच जमिनीवर बसून सगळी पानं वाचली. ४३ जणांनी लिहिलंय. डॉक्टर १२, इंजिनियर ९, शिक्षक नाहीतर शिक्षिका ८. मग फौजदार, मिलिटरी, कलेक्टर, दोघींनी नर्स, एकाने क्रिकेटर, एकाने नुसतंच "मोठा माणूस". आणि एकानेही शेतकरी लिहिलं नव्हतं. वर्गातली बहुतेक पोरं सकाळी जनावरांची वैरण-पाणी करून शाळेत यायची, तरी कोणी नाही.

आमचा व्हॉट्सऍप ग्रुप आहे त्यामुळे कोण काय करतं ते माहितीये. बारातला एक डॉक्टर झाला. इंजिनियर चौघं झाली, त्यातले दोन ज्यांनी लिहिलं होतं ते आणि दोन ज्यांनी भलतंच लिहिलं होतं ते. डाळिंबाची शेती करणारे अकरा जण आहेत. बाकी कापड दुकान, एल.आय.सी., झेड.पी., पतसंस्था, दोन जण गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात पार तिकडे तमिळनाडूत, एक जण बोअरवेलची गाडी चालवतो. यातलं एकही काम कोणाच्या पानावर नव्हतं.

मी स्वतः डॉक्टर लिहिलं होतं. आज पुण्यात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. बारावीला मार्क कमी पडले, परत बसायला घरून परवानगी नव्हती, मामा म्हणाला डी.एम.एल.टी. (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर लगेच कामाला लागशील, तेवढ्यावर ठरलं. पंधराव्या वर्षी मला कोणी विचारलं असतं की रक्तपेढीत कोण काम करतं तर मी डॉक्टरच म्हणाले असते, कारण दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स सोडून तिसरा माणूस असतो हेच मला माहीत नव्हतं. पाठीमागच्या खोलीत एक बाई ट्यूब हलवत उभी असते हे मला कोणी दाखवलंच नव्हतं.

सगळ्यांना विचारायचंय की तुम्ही पंधरा सोळाव्या वर्षी काय ठरवलं होतं, आता काय करता, आणि आता जे करता ते काम तेव्हा कुठे डोळ्यांनी पाहिलं होतं का? मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय.

पाचोळा

मस्त धागा. इंजिनियर लिहिलं होतं, झालो, एकही दिवस ते काम केलं नाही. बँकेत आहे. बँक पाहिली होती पण फक्त काउंटरच्या बाहेरून.

चेस्ट_नंबर_१७

ताई, मी एन.डी.ए. (फौजेतले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) लिहिलं होतं. नुसतं लिहिलं नव्हतं, भिंतीवर खडकवासल्याचा फोटो लावला होता वर्तमानपत्रातला, सुदान ब्लॉकचा घुमट. दहावीनंतर औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची (एस.पी.आय.) परीक्षा दिली, ती राज्य सरकारने १९७७ साली मराठी पोरांचं अधिकारी व्हायचं प्रमाण वाढावं म्हणून काढलेली, तिथे निवड झाली नाही. मग घरीच तयारी केली, लेखी निघाली आणि भोपाळला एस.एस.बी.चं (फौजेतल्या अधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या मंडळाचं) बोलावणं आलं. लातूरच्या पुढे मी तोवर गेलो नव्हतो.

पहिल्या दिवशीच निम्म्याहून जास्त पोरं घरी पाठवली, मी राहिलो. छातीवर १७ नंबरचं कापड. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या परीक्षा. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदात त्यावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग साठ प्रसंग तीस मिनिटांत. माझं इंग्रजी वाचून कळायचं पण लिहायला वेळ लागायचा, मराठीत सुचायचं आणि ते वळवून लिहीपर्यंत पुढचा शब्द यायचा. मैदानावरचं सगळं मस्त झालं, फळी टाकून दोरी बांधून पलीकडे जायचं त्यात मी सगळ्यांत पुढे होतो. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, एकेकाला आत बोलावतात, अर्ध्या मिनिटात बाहेर. मग सगळ्यांना बसवून निवड झालेल्यांचे नंबर वाचतात. तीनच वाचले. १७ नव्हता.

परतीच्या गाडीत जनरलच्या डब्यात दाराशी बसून आलो. घरी येऊन फोटो काढला नाही, वडिलांनी काढला, चार दिवसांनी, मला न सांगता. वय साडेएकोणीसच्या आत असायला लागतं म्हणून अजून एकदाच जमलं, तेव्हा स्क्रीनिंगलाच बाहेर.

आज चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, हाताखाली तीन शिफ्टची मिळून ६० माणसं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, कारखाना आतून पहिल्यांदा पाहिला तो अप्रेंटिस म्हणून गेलो तेव्हाच. पण एक सांगतो, मला फौजेत नेमकं काय पाहिजे होतं याचा मी पुढे खूप विचार केला. बंदूक नव्हती पाहिजे. आपल्याबरोबर दहा माणसं असावीत आणि त्यांची जबाबदारी आपल्यावर असावी हे पाहिजे होतं. ते मला मिळालं. रात्रपाळीत एकाचा हात प्रेसमध्ये जाता जाता राहिला, तेव्हा मशीन बंद करणं, त्याला खाली बसवणं, बाकीच्यांना शांत करणं हे माझ्याकडून आपोआप झालं, घरी आल्यावर हातपाय कापले.

आणि आता मुलगी म्हणते, एन.डी.ए.लाच जायचंय. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षा द्यायची परवानगी दिली, २०२५ च्या मे मध्ये पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या ते संचलन आम्ही दोघांनी मोबाइलवर पाहिलं. तिच्यासाठी मी रोज रात्री साठ शब्द काढतो. पंधरा सेकंदांचं घड्याळ लावून.

माणदेशी_पोर

@चेस्ट_नंबर_१७, वडिलांनी फोटो काढला ते वाचून थांबले थोडा वेळ. मुलीला खूप खूप शुभेच्छा.

दोन_एकर

मी तुमच्या भागातलाच, आटपाडीचा. त्या अकरा जणांसारखाच डाळिंबवाला, म्हणून लिहितो.

दहावीला कलेक्टर. आमच्या शाळेत एकदा प्रांत आले होते, त्यांची गाडी, त्यांच्या मागे उभे राहिलेले तलाठी आणि मुख्याध्यापक हे बघून ठरवलं. ग्रॅज्युएशन झाल्यावर पुण्यात सहा वर्षं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची पकडायची, दुपारी मेस, संध्याकाळी टपरीवर चहा आणि तीच चर्चा, जाहिरात कधी निघणार. राज्यसेवेची पूर्व तीनदा निघाली, मुख्य एकदा अगदी थोडक्यात गेली. पी.एस.आय.ला ग्राउंड राहिलं. दर वेळी वाटायचं की एवढं केलं आता सोडायचं कसं, आणि घरून पैसे येत होते, ते कुठून येत होते ते मी विचारत नव्हतो. २०१४ ला वडिलांना ऍटॅक आला तेव्हा कळलं की दोन म्हशी आणि आईच्या पाटल्या गेल्या होत्या.

परत आलो. दोन एकर डाळिंब. पहिली दोन वर्षं तेल्याने बाग गेली, फळावर काळे तेलकट ठिपके पडतात आणि मग तडकतं, एका पावसात सगळं. आता शिकलो, हस्त बहार धरतो, छाटणी वेळेत करतो, पानगळ करून पाणी कधी सोडायचं त्याचं वहीत टिपण ठेवतो. त्या वहीचा अभ्यास मी राज्यसेवेच्या नोट्ससारखाच करतो, रंगीत पेनांनी. शेजारपाजारची पोरं बघायला येतात.

शेती तर मी जन्मापासून पाहिली होती. म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न माझ्या बाबतीत उलटा आहे. मी पाहिलेलं कामच मला नको होतं, कारण ते करणाऱ्या माझ्या बापाला मी कधी कोणापुढे खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. स्लॅमबुकात शेतकरी कोणी लिहीत नाही त्याचं कारण हेच आहे. आणि आजही लिहिणार नाहीत, गावात पस्तिशीची पोरं लग्नाची बसलीत, चांगली बाग आहे, ट्रॅक्टर आहे, तरी मुलगी द्यायला कोणी तयार नाही, त्याच मुलीला पुण्यात बारा हजाराची नोकरी असलेला चालतो. हे बोलून दाखवायला लाज वाटते पण खरं आहे.

पुण्यात असलेल्या पोरांना एवढंच सांगतो की किती वर्षं द्यायची ते जायच्या आधी घरच्यांसमोर बसून ठरवा आणि भिंतीवर लिहा.

रानमेवा

+१ शेवटच्या ओळीला. माझा भाऊ आठवं वर्ष.

स्कोलेसाइट

मी थोडं वेगळं लिहितोय, राग मानू नका.

नाशिकजवळच्या गावात वाढलो. आमच्याकडे काळा पाषाण फोडायच्या खाणी आहेत, सुरुंग लावला की कधी कधी खडकात पोकळी सापडते आणि तिच्यात झिओलाइट आणि त्यांच्या सोबतच्या खनिजांचे स्फटिक असतात, पांढऱ्या सुयांचे झुपके, हिरवट ऍपोफायलाइट, फिक्या गुलाबी पाकळ्यांसारखं स्टिल्बाइट. हे आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टमधलं वैभव आहे, जगभरच्या संग्रहालयांत नाशिक, पुणे, जळगाव अशी नावं लिहिलेले आपल्याकडचे दगड आहेत. सुट्टीत मी खाणीवरच असायचो. दहावीत मला भूगर्भशास्त्रज्ञ व्हायचं होतं आणि तो शब्द मला नीट लिहिताही यायचा.

पण बाबांच्या डोक्यावर कर्ज होतं, दोन बहिणी. १९८३ ला वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि दहा वर्षांत जिल्ह्या-जिल्ह्यात कॉलेजं झाली. आमच्यासारख्या घरांना पहिल्यांदाच एक सरळ रस्ता दिसला, चार वर्षं, नोकरी, कर्ज फेड. मी कॉम्प्युटर घेतलं. आज स्टुटगार्टला आहे. बाबांचं कर्ज फिटलं, बहिणींची शिक्षणं झाली, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणून जेव्हा लोक म्हणतात आवडीचं काम करा, पैसा मागून येतो, तेव्हा मला ते पटत नाही. ज्याच्या घरात खायची भ्रांत नाही त्याने म्हणावं. मी माझं स्वप्न गमावलं असं मला वाटत नाही, मी ते विकलं आणि चांगल्या किमतीला विकलं, त्यात माझं घर उभं राहिलं.

माणदेशी_पोर

राग कशाला. पण स्कोलेसाइटजी, तुम्ही नाव मात्र दगडाचंच घेतलंय.

स्कोलेसाइट

हो. टेबलावरही एक आहे. गावच्या खाणीतला, १९९२ चा. प्रत्येक घर बदलताना हातात धरून नेलाय, सामानात टाकला नाही.

पाटी_पेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि मी दहावीतही शिक्षकच लिहिलं होतं, म्हणजे या धाग्यात मी बसतो की नाही माहीत नाही. फक्त मध्ये चौदा वर्षं गेली.

बारावीला ८१ टक्के असूनही डी.एड.ला गेलो, तेव्हा डी.एड. म्हणजे नोकरी पक्की असं होतं, चांगल्या मार्कांची पोरं रांगा लावायची. २०१० ला पास झालो. २०१२ नंतर भरती जवळपास थांबली. २०१३ पासून टी.ई.टी. (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, ती दिली, पास झालो. मग वाट. सुरुवातीला खासगी शाळेत तीन हजारावर, मग मोबाइलचं दुकान, मग एका कुरिअरच्या गोदामात रात्री पार्सलं लावायचं काम. ज्यांनी माझ्या मार्कांचं कौतुक केलं होतं ते नातेवाईक समोरून आले की मी गल्ली बदलायचो. २०१७ च्या अभियोग्यता परीक्षेत थोडक्यात राहिलो. २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा झाली, २०२४ ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं. आता शिक्षण सेवक, तीन वर्षं १६ हजार मानधन, मग कायम.

पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गात गेलो. वय ३४. खडू हातात घेतला आणि फळ्यावर काय लिहायचं तेच सुचेना, मग तारीख लिहिली. पोरांनी ती वहीत उतरवली. बस एवढंच झालं पहिल्या तासाला, आणि मी बाहेर जाऊन बायकोला फोन केला.

गोदामातली वर्षं वाया गेली असं मी आता म्हणत नाही, माझ्या वर्गातल्या सात पोरांचे बाप रात्रपाळीला जातात, ती पोरं सकाळी डुलक्या का घेतात ते मला न सांगता कळतं. पण ती वर्षं गेली हे खरं आहे आणि माझ्याबरोबर पास झालेले जे अजून बाहेर आहेत त्यांच्या वयाची मर्यादा संपत चाललीये. हे कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून लिहिलं.

डबल_बेल

मी एस.टी.त वाहक आहे, बीड जिल्हा. दहावीत पोलीस लिहिलं होतं. आमच्या गावातून पहाटे चार वाजता रस्त्याने पोरं पळायची, त्यांच्यामागे मी आणि माझी मैत्रीण पळायचो, लोक काय काय बोलायचे. ८०० मीटर मी चांगलं मारायचे, गोळाही जायचा. मैदानी ५० मधले ४२ पडले. लेखीत मेरिट दोन मार्कांनी गेलं. पुढच्या भरतीच्या आधी लग्न झालं.

मग नवऱ्यानेच एस.टी.चा फॉर्म भरला. कंडक्टरचं काम लहानपणापासून पाहिलं होतं पण बाई करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते काम माझं असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं. माणदेशी ताई तुम्ही म्हणता ना पाहिलं होतं का, तर त्यात हेही धरा, आपल्यासारखं कोणी करताना पाहिलं होतं का.

आता अंगावर खाकी आहेच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडी बायकांनीच भरते. बाजाराच्या दिवशी साठ सत्तर जणी, पाट्या, कोंबड्या, लेकरं. मशीनवर तिकीट काढता काढता कोण कुठे उतरणार ते तोंडपाठ होतं. एक आजी दर गुरुवारी तालुक्याला दवाखान्यात जातात, पंचाहत्तरच्या पुढच्या आहेत त्यामुळे तिकीट शून्याचं, तरी माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी देतात. एकदा गाडीत एक मुलगी होती पंधरा सोळाची, सारखी मागे बघत होती, बरोबरचा माणूस तिचा कोण आहे ते नीट सांगेना. मी ड्रायव्हर भाऊंना सांगितलं आणि गाडी सरळ पोलीस ठाण्याच्या दारात उभी केली. पुढचं सगळं लिहित नाही, मुलगी घरी गेली. त्या रात्री मुक्कामी गाडी होती, मला झोप आली नाही, पण पोलीस नाही झाले याचं जे काही पोटात होतं ते त्या दिवसापासून कमी झालं.

रानमेवा

ताई, सलाम तुम्हाला.

चेस्ट_नंबर_१७

@डबल_बेल, हा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला.

गेरू_आणि_कावी

मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. लालबागचा. वडील गिरणीत. मी दहावीला होतो १९८२ ला, म्हणजे १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि मार्चमध्ये माझी परीक्षा. त्याआधी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही चित्रकला परीक्षांना ए ग्रेड होती, सर म्हणायचे जे.जे.ला जा. मी एकदा जे.जे.च्या फाटकापर्यंत जाऊन आलो होतो, आतल्या झाडाखाली पोरं कागद मांडीवर घेऊन बसली होती, ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे.

संप मिटलाच नाही. आई खानावळीचे डबे करायला लागली. मी आय.टी.आय.ला पेंटर ट्रेड घेतला, कारण त्यात निदान रंग होता, आणि अप्रेंटिस म्हणून लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे डबे दुरुस्तीला येतात, सगळं सोलून काढून पुन्हा रंगवतात. आधी तांबूस विटकरी होते, मग नव्वदच्या दशकात निळे आले. मला अक्षरांचं काम मिळालं. डब्याचा नंबर, कुठून कुठे, देवनागरी, इंग्रजी. नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा कोणत्या साली बनला, हे लोकांना माहीत नसतं, आता बघा. खडूची दोरी मारून रेघ पाडायची, श्वास धरून ब्रश ओढायचा. 'मुंबई'तला अनुस्वार कुठे बसला की शब्द डोलत नाही हे मला हाताने कळायचं.

पुढे स्टेन्सिल, मग स्टिकर. पुढच्या वर्षी रिटायर होईन. माझं एकही चित्र कुठल्या भिंतीवर नाही. पण अनेक वर्षं माझी अक्षरं गाडीवर बसून पार दिल्ली, अहमदाबादपर्यंत जाऊन यायची. दादरला फलाटावर उभा असलो आणि समोरून डबा गेला की मला कळायचं हा माझा.

पाचोळा

काका, हे वाचून गाडीचे नंबर बघायची सवय लागणार आता.

कल_आणि_कौल

शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. माणदेशी ताईंच्या प्रश्नाला धरून एक माहिती देते. ओ.ई.सी.डी. ही संस्था पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची चाचणी घेते, त्यात एक प्रश्न असतो, तिसाव्या वर्षी तू काय काम करत असशील? २०१८ च्या उत्तरांवरचा अहवाल २०२० मध्ये आला. ४१ देशांमध्ये मिळून ४७ टक्के मुलांनी आणि ५३ टक्के मुलींनी फक्त दहा दहा व्यवसायांतलीच नावं सांगितली होती. डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर, पोलीस, वकील हीच. आपला देश त्या फेरीत नव्हता, पण सांगोल्याची स्लॅमबुक बघितली तर तिकडचं पोरगं आणि माणदेशातलं पोरगं साधारण एकच यादी सांगतंय.

आपल्याकडे दहावीला कल चाचणी सुरू झाली २०१६ ला, त्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे गट असायचे. मुलांना निकालाचा कागद मिळायचा. माझा अनुभव असा की कागदावर "तांत्रिक" आलं तरी मुलगा विचारतो, मॅडम म्हणजे इंजिनियर ना? त्याच्या घराच्या मागच्या गल्लीत साचे बनवणारा टूलरूमवाला बसतो, पण तो त्याला "काम करणारे काका" वाटतो, करियर वाटत नाही. म्हणून मी आता कागद कमी वापरते. दर महिन्याला एका पालकाला वर्गात बोलावते. आत्तापर्यंत लिफ्ट दुरुस्त करणारे, महावितरणचे लाइनमन, श्रवणयंत्र बसवणाऱ्या ताई, मार्केट यार्डातले हमाल-मापाडी येऊन गेले. लाइनमन दादांनी हातमोजे आणि खांबावर चढताना लागणारा झूला आणला होता, पोरांनी तासभर सोडलं नाही त्यांना.

नीट_रिपीटर

नमस्कार, मी इथे नवीन आहे, वय १७, पूर्ण धागा वाचला. लातूरला नीट रिपीट करतोय. पहिल्या वेळी ३९०, आता टेस्टमध्ये ४२० ते ४४० च्या मध्ये अडकलोय. सरकारी कॉलेज मिळणार नाही हे मला दिसतंय पण घरी बोलता येत नाही. रूमवर चौघं आहोत, चौघांनाही दिसतंय आणि चौघंही बोलत नाहीत. माणदेशी ताई, मला विचारायचंय की तुम्हाला वाईट वाटतं का? खरं सांगा. आणि तुमचं काम नेमकं काय असतं?

माणदेशी_पोर

खरं सांगते. पहिली पाच सहा वर्षं वाटायचं. डॉक्टर फोनवर "पिशवी लवकर पाठवा" म्हणून ओरडले की डोळ्यात पाणी यायचं. आता नाही वाटत, आणि ही मनाची समजूत नाहीये, का ते सांगते.

परवाची रात्र. अडीच वाजता नमुना आला, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही, चार पिशव्या हव्यात. नातेवाईक पोरगा विशीतला, त्याच्या हातात नमुन्याची नळी, हात थरथरतोय. आधी मी नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळवते, घाई कितीही असो, कारण चूक झाली तर इथेच होते. मग गट. एक निळी बाटली असते अँटी-ए ची, एक पिवळी अँटी-बी ची, आणि पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघायची अँटी-डी ची पाण्यासारखी. काचेवर थेंब टाकायचे, हलवायचं, गुठळी कुठे होते ते बघायचं. तिच्या रक्ताची पिवळीत झाली, निळीत नाही, म्हणजे बी गट. मग उलट बाजूने पुन्हा तपासायचं. मग आमच्या फ्रिजमधल्या, २ ते ६ अंशात ठेवलेल्या पिशव्यांमधल्या रक्ताशी तिचं जुळवून बघायचं, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशाच्या पाण्यात सोडायचा, तो वितळेपर्यंत काही करता येत नाही, फक्त उभं राहायचं. शेजारी प्लेटलेट्सच्या पिशव्या सतत हलत असतात, त्या पाचच दिवस टिकतात, तो कटकट आवाज मला घरीही ऐकू येतो.

त्या बाईला मी पाहिलं नाही. कधीच कोणाला पाहत नाही. सकाळी ड्युटी संपताना त्या पोराने खिडकीशी येऊन नुसतं "दोघं बरे आहेत" एवढं सांगितलं आणि गेला.

मला डॉक्टर व्हायचं होतं म्हणजे काय व्हायचं होतं? आमच्या गल्लीतल्या वहिनी अशाच बाळंतपणात गेल्या, पंढरपूरला नेईपर्यंत. मी आठवीत होते. मला ते थांबवायचं होतं. डॉक्टर हा तेव्हा माहीत असलेला एकच शब्द होता त्यासाठी.

आता तुझं. परीक्षा पूर्ण दे, मधूनच सोडू नकोस. पण घरी आत्ताच बोल, निकालाच्या दिवशी नको. जमत नसेल तर आधी आईशी बोल. आणि एकदा जवळच्या रक्तदान शिबिराला जा, नाव सांगून तिथल्या टेक्निशियनला म्हण मला काम बघायचंय. हो म्हणतात, आम्हाला कोणी असं विचारतच नाही कधी. रक्त द्यायला १८ पूर्ण लागतात, बघायला नाही लागत.

पाटी_पेन्सिल

@नीट_रिपीटर, मी लातूरपासून दीड तासावर आहे. रविवारी यायचं असेल तर ये, जेवायलाच ये.

दोन_एकर

भावा, तारीख ठरव. मी काय लिहिलंय ते परत वाच.

नीट_रिपीटर

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला. काल इथे एका मंडळाचं शिबिर होतं, गेलो होतो. एक दादा होते, त्यांनी चार तास बसू दिलं. वजन, हिमोग्लोबिन, मग पिशवी तराजूवर हलत राहते ते दाखवलं, ३५० मिली झालं की आवाज येतो. त्यांनी माझाच गट करून दाखवला, बोटातून थेंब काढून. निळीत पण गुठळी आणि पिवळीत पण. ए.बी. मला माझा गटच माहीत नव्हता.

रात्री आईला फोन केला, मार्कांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, जेवलास का. बाबांना ती सांगणार आहे.

दादांनी बी.पी.एम.टी. म्हणून कोर्स सांगितला, सरकारी मेडिकल कॉलेजांत असतो म्हणाले, रक्तपेढीचं वेगळं पण शिकता येतं त्यात. माणदेशी ताई, तो करावा की डी.एम.एल.टी.? आणि पाटी पेन्सिल सर, रविवारी किती वाजता येऊ? आम्ही दोघं येऊ का, रूममेट पण म्हणतोय.